तुझ्या नावाने बंद ठेवलेला पंखा

आत्या, तू जाऊन आज पाचवा दिवस, आणि घरात सगळे तुझ्याबद्दल गोड बोलायला लागलेत. म्हणून मला हे लिहायला बसावं लागलं. किती शांत होती, किती सोसलं बिचारीने, कुणाला कधी उलट बोलली नाही. ऐकून मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. तू कुणाला उलट बोलली नाहीस असा या घरात एक दिवस उजाडला नाही. दूधवाल्यापासून आजोबांपर्यंत तू कुणाला सोडलं नव्हतंस. आणि सोसण्याचं म्हणशील तर थंडी सोसलीस, गल्लीतली गर्दी सोसलीस, छतावरची माकडं सोसलीस, पण उकाडा म्हणून एक मिनिट सोसला नाहीस. कार्तिकात आम्ही शाली बाहेर काढायचो आणि तुझ्या डोक्यावर पंखा गरगरत असायचा.

तर अशा बाईच्या खोलीतला पंखा कालपर्यंत तीन दिवस बंद होता. ऐन ज्येष्ठात. तोही तुझ्याच नावाने, तुला चांगली गती मिळावी म्हणून. आणि त्या बंद पंख्याखाली माझी आई, तुझी वहिनी, ऐंशी ओलांडलेली, तुझ्या दिव्याची राखण करत बसली होती. काय घडलं ते तुला सगळं सांगते. माणूस गेल्यावर त्याच्या नावावर काय काय खपवतात ते त्याला कळायला हवं.

आधी त्या दिवसाचं. त्यावर आपलं बोलणं व्हायचं राहिलंय.

सकाळी नवाला लाइट गेली. इन्व्हर्टरवर तुझा पंखा बारापर्यंत कसाबसा फिरला, मग तोही मंदावत मंदावत थांबला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, धाप लागली की तोंडावर वारा राहू द्या, अर्धा त्रास त्यानेच कमी होतो. हे तुला डॉक्टरांच्या आधी साठ वर्षं माहीत होतं, पण ते असो. एका बाजूला आई, एका बाजूला मी, दोघी हातात विंझणे घेऊन बसलो. खिडकीतून वारा यायचा तर समोरच्या घराची भिंत हात लांब केला की लागते. माझा हात भरून आला, मी हात बदलला, ते तू मिटल्या डोळ्यांनी ओळखलंस. म्हणालीस, "सुमे, इथे हात मोडत बसू नकोस. जा, भांडून ये."

मी गेले. मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्यांवरून पळत वर, गल्लीच्या तोंडाशी, ट्रान्सफॉर्मरपाशी. लाइनमन खाली सावलीत उभा. ‘फेज उड़ गयल हौ दीदी, दस मिनट.’ मी त्याचा असा काही उद्धार केला की पानवाला दुकानातून बाहेर आला. तुझीच शिकवण. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला, पण मी त्याला शिडीवर चढवलं आणि लाइट आल्याशिवाय हलले नाही. लाइट आली तशी धावत घरी आले. खोलीत पंखा जोरात सुरू झालेला. तुझ्या कपाळावरचे केस उडत होते, पदर हलत होता. मी दारातूनच म्हटलं, बघ, आणली की नाही. वर पंखा फिरत होता तरी आई हातातल्या विंझण्याने तुला वारा घालतच होती. मग म्हणाली, वन्सं मघाशीच गेल्या.

तेव्हापासून माझ्या मनात तेच चाललंय. मी तुझ्याजवळ असायला हवं होतं, आणि मी एका घामाघूम माणसाशी वायरवरून भांडत होते. तूच पाठवलंस, हे खरं. मुद्दाम पाठवलंस का, हे मात्र तू सांगितलं नाहीस. मी जवळ असते तर तुला जाता आलं नसतं, असं तुला वाटलं का? की तुला खरोखर फक्त पंखा हवा होता? तुला ओळखते म्हणून सांगते, मला दुसरं, पंख्याचंच खरं वाटतं, आणि त्याने बरंही वाटतं.

आणि एसीचं भांडण. दोन वर्षं आपण त्यावर बोलत होतो, म्हणजे तू ओरडत होतीस आणि मी कपाटं आपटत होते. मी म्हणायचे, तुझ्या खोलीत एसी बसवू. तू म्हणायचीस, एसी म्हणजे खिडकी बंद, दार बंद, वहिनीचे गुडघे धरणार आणि मी त्या पेटीत गुदमरणार. मला गारठा नको, वारा हवा. मी म्हटलं, हट्टी आहेस. तू म्हणालीस, आहेच, पुढे बोल. मी पुढे बोलले नाही, चिडून निघून गेले. आता मनात येतं, बसवला असता तर? लगेच तुझं उत्तर कानात येतं, लाइटच नव्हती तर एसी काय बादलीतल्या पाण्यावर चालला असता? बरं. हे भांडण तू जिंकलीस. पण जिंकायला तू थांबायला हवी होतीस.

दादा लखनौहून गाडी काढून संध्याकाळपर्यंत पोचला. माझ्या थोरल्या भावाबद्दल मी आता जे लिहिणार आहे ते वाचून त्याला वाईट ठरवू नकोस. घाटावर सगळं त्यानेच केलं. परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. त्याला गणित तू शिकवलंस, कान पिळून शिकवलंस, आणि बँकेत लागल्यावर पहिला पेढा त्याने बाबांच्या आधी तुला दिला होता. त्याला तुझं सगळं नीट व्हायला हवं होतं. नीट म्हणजे जसं आजोबांचं झालं, बाबांचं झालं, तसं. त्यातलं काही चुकलं तर तुला त्रास होईल, या भीतीने तो अर्धा झाला होता.

तू गेलीस त्या जागी त्याने दिवा लावला, वात दक्षिणेकडे केली. दहा दिवस विझू द्यायचा नाही. दिव्यापुढे ताटलीत पीठ पसरलं आणि वर बांबूची पाटी पालथी घातली. पुढचा जन्म कशाचा त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. बाबांच्या वेळी चिमणीची पावलं दिसली होती, निदान सगळ्यांनी तसं ठरवलं होतं. सकाळी दादाने पाटी उचलली आणि मागे सरकला. पिठात नागमोडी रेघा. एकीला लागून एक, अगदी ताटलीच्या कडेपर्यंत. दादा हळूच म्हणाला, साप. मग स्वतःच घाबरून बोलत सुटला, साप म्हणजे जीव घरात अडकलाय, काहीतरी राहिलंय तिचं, तुम्हाला काही बोलली होती का, कशात जीव होता तिचा?

मी हसले. सुतकात, सगळ्यांसमोर, मोठ्याने. मला आवरलंच नाही. कारण संध्याकाळी परत गेलेली लाइट पहाटे येऊन गेली होती. आदल्या दिवशीच्या गडबडीत तुझ्या पंख्याचं बटण चालूच राहिलं होतं, आणि पंखा दहा मिनिटं फिरून थांबल्याचा आवाज मी अंथरुणातून ऐकला होता. दिवा कपाटाच्या आड होता म्हणून वाचला, पीठ मात्र पाटीच्या फटींतून वाऱ्याने सरकलं. मी म्हटलं, दादा, हा साप नाही, पंखा आहे. तिचा जीव कशात होता म्हणून विचारतोस ना, त्यातच होता.

तोंड मिटून बसले असते तर बरं झालं असतं. तो साप समजून चार दिवस हळहळला असता, एखादा अभिषेक केला असता, पंख्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं. पण खरं कळल्यावर त्याला वेगळीच धास्ती पडली. दिवा थोडक्यात वाचला, पुन्हा असं होता कामा नये. त्याने बटण बंद केलं आणि गाडीच्या डिकीतून काळी टेप आणून त्यावर आडवी-उभी चिकटवली. शेजारच्या गुरुजींनी फक्त दिवा सांभाळा एवढं सांगितलं होतं. पंख्याबद्दल कुणीच काही म्हटलं नव्हतं. तो नियम आपल्या दादाचा.

मी उपाय करून पाहिले नाहीत असं समजू नकोस. दादा घाटावर गेला की टेप सोडवायची, दिव्याला परातीचा आडोसा करायचा, पंखा एकवर ठेवायचा. पण छताचा वारा त्या एवढ्याशा खोलीत भिंतींना आपटून कुठूनही शिरतो. वात आडवी व्हायला लागली की मी धावत जाऊन बटण बंद करायची. कंदिलाची काच ठेवली तर काजळी धरून ज्योत बारीक झाली. समोरच्यांचा टेबल फॅन आणते म्हटलं, तर दादा म्हणाला, वारा तो वाराच. शेवटी आईला म्हटलं, तू बाहेरच्या खोलीत ये, मी बसते दिव्यापाशी. आई म्हणाली, तू बस, पण मीही बसणार, वन्संना एकटं ठेवत नाहीत. बासष्ट वर्षं एका घरात, त्यातली शेवटची बारा एका खोलीत, आणि तुझ्यानंतरही तिला तुला एकटं ठेवायचं नव्हतं.

तुला हे सगळं ओळखीचं वाटत असेल. मला तर आई तिथे घामाने निथळत बसलेली दिसली की स्वयंपाकघरच आठवायचं. तुझ्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मी तेव्हा जन्मले नव्हते हे विसरायला होतं. आजोबांकडे वेद शिकायला विद्यार्थी, यात्रेला आलेली माणसं, रोज पंधरा-वीस पानं. बाहेरच्या खोलीत वर पंखा, वसंतपूजेला पन्हं आणि चंदन. आत स्वयंपाकघरात दोन शेगड्या आणि नवी आलेली तुझी वहिनी, मानेपासून कमरेपर्यंत घामोळ्याने भरलेली. तिथे पंखा का नाही? तर विस्तव विझेल. तू शाळेत गणित शिकवायला लागलीस, पहिल्या पगारात टेबल फॅन आणलास आणि थेट पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवलास. आजोबा म्हणाले, नैवेद्य कच्चा राहील. तू शेगडीपुढे परात उभी केलीस, पंखा वहिनीच्या मानेकडे वळवलास आणि त्यांना म्हणालीस, बघा, विस्तव तसाच आहे, फक्त माणूस वाचलंय. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले.

पण तू एक नेहमी गाळायचीस, ते आईने मला सांगितलंय. तू शाळेत गेलीस की ती पंखा बंद करायची. आजोबा घरात असेपर्यंत तिने तो एकदाही स्वतःच्या हाताने लावला नाही. तुला हे कळलं तेव्हा तू तिच्याशी आठ दिवस बोलली नव्हतीस. मी तुला विचारलं होतं, आईवर इतकी का रागावलीस, तिचा काय दोष? तू म्हणालीस, मी तिच्यासाठी भांडायचं आणि तिने माझ्या माघारी शरण जायचं, हे मला जमणार नाही. मला तेव्हा तू फार कठोर वाटलीस. आजही वाटतेस. तू नोकरी करत होतीस, तुला दारातून बाहेर पडता येत होतं. तिला त्या घरातच राहायचं होतं. हे मी तुला कधी तोंडावर बोलले नाही, आता बोलते.

आणि दुसरंही बोलायचं राहिलंय. मी सासरहून कायमची परत आले तेव्हाही मे महिनाच होता. स्टेशनवरून रिक्षा, मग सामान घेऊन गल्लीतून चालत, चेहरा सुजलेला. बाबा दारात विचारत होते, काय झालं, कुणी काय म्हटलं, परत कधी जायचं. तू त्यांना एका हाताने बाजूला केलंस, मला खुर्चीत बसवलंस आणि तोच टेबल फॅन माझ्याकडे वळवलास. काही विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. मी तासभर त्या वाऱ्यात नुसती बसले होते. मला नोकरी लागली, मी उभी राहिले, त्याचं श्रेय लोक माझ्या जिद्दीला देतात. मी त्यांना काही सांगत नाही. तुला सांगते, त्या एका तासाने मी वाचले. मी तुला कधी आभाराचा शब्द बोलले नाही, कारण तू म्हणाली असतीस, पुरे झाले चोचले, उठ, कणीक मळ.

काल दुपारी दोनच्या सुमारास मी आईसाठी पन्हं घेऊन खोलीत गेले. बाहेर लूचा तापलेला वारा सुटलेला, खिडकीचा गज हात लावू देत नव्हता. आई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर विंझणा तसाच पडलेला. अंग कोरडं. तीन दिवस घामाने भिजलेली बाई, आणि अंगावर घामाचा थेंब नाही, कातडी तापलेली. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून म्हणाली, वन्सं, शाळा लवकर सुटली का?

मी पन्हं खाली ठेवलं आणि बटणावरची टेप नखांनी ओरबाडली. दादाने ती परत अशी घट्ट बसवली होती की माझं नख मुळापासून तुटलं. पंखा लावला, पूर्ण वेगाने. आईला खाली आडवं केलं, चादर बादलीत बुडवून तिच्या अंगावर टाकली, डॉक्टरांना फोन केला. पंख्याने वेग घेतला तसा तुझा दिवा एकदा आडवा झाला, सावरला, आणि विझला. मी तो विझताना पाहिला. माझे हात मोकळे होते. मी आडोसा केला नाही.

दादा बाहेरच्या खोलीत होता. तिथे दिवा नाही, म्हणून तिथला पंखा चारही दिवस सुरू होता, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. आवाज ऐकून तो दारात आला. आधी त्याने दिवा पाहिला, आई नंतर दिसली. त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला. मी बटणावर हात ठेवून उभी राहिले. मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, आजवर त्याला अरे म्हणून जोरात हाक मारलेली नाही. मी म्हटलं, "बंद करून दाखव."

तो रडायला लागला. साठीचा माणूस, दाराच्या चौकटीला धरून. म्हणत होता, तिला वाट दिसायला नको का, अजून सहा दिवस जायचंय तिला, मी तिचं एवढंही धड केलं नाही. मला त्याची दया आली, पण मी हात काढला नाही. दया आणि बटण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तुझ्याकडे बघूनच कळलंय.

तेवढ्यात खालून आईचा आवाज आला. ओल्या चादरीखालून, बारीक, पण शुद्धीतला. डोळे वर फिरणाऱ्या पंख्याकडे होते. म्हणाली, "राहू दे रे. वन्संना अंधाराची भीती कधीच नव्हती. उकाड्याची होती."

नंतर डॉक्टर आले, सलाइन लावलं, आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं म्हणाले. दादा दिव्याकडे पाठ करून आईचे तळवे पुसत होता. गुरुजींना त्यानेच फोन केला. ते म्हणाले, परत लावा, म्हाताऱ्या माणसाला सांभाळा. आज सकाळी त्याने दिवा लावला, आम्ही तिघांनी हात जोडले, पाच मिनिटं तेवू दिला. मग दादा स्वतः उठला आणि त्याने पंखा लावला. दिवा गेला. दिवसभर त्याचा चेहरा उतरलेला आहे. तू कुठेतरी चाचपडत असशील, हे त्याच्या मनातून जात नाही. आई मात्र पंख्याखाली शांत झोपलीय. आत्ता मी लिहितेय तेव्हा तिचा श्वास मी मोजतेय, आणि तो सरळ चाललाय.

तेव्हा ऐक. तुझी वाट अंधारी झाली असेल तर ती मी केलीय, दादाने नाही, आणि आईने तर मुळीच नाही. ठेच लागली तर मला शिव्या घाल, आयुष्यभर घातल्यास तशाच. त्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. पण तुझ्या सोबतीला म्हणून तुझ्या वहिनीला मी एवढ्यात पाठवणार नाही.